कमी खपलेल्या गाडीचे पार्ट मिळतात, नंबर कुणी सांगत नाही

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या पेपरात गाड्यांवर बरंच छापून येतं, नवीन मॉडेल आलं की मायलेज, बूट स्पेस, सनरूफ, टचस्क्रीन सगळं येतं आणि मी ते आवडीने वाचतो. पण गाडी घेऊन आठ-दहा वर्षं झाली, मॉडेल बंद झालं, कंपनीनेच तिकडे बघायचं सोडलं, मग ती गाडी वापरणाऱ्या माणसाने पार्ट आणायचे कुठून ह्यावर मी तरी कधी वाचलेलं नाही, म्हणून हे पत्र लिहितोय. मोठं झालंय, जागा कमी पडली तर कापा, फक्त बेअरिंगचा भाग ठेवा.

आमची गाडी फार खपली नाही अशातली. रस्त्यावर तशीच दुसरी दिसली की आम्ही मान वळवून बघतो इतकी कमी. वडिलांनी पै-पै जमवून घेतलेली, इंजिन अजून खणखणीत, त्यामुळे विकायचं कुणाच्या मनात येत नाही. मागच्या वर्षी बॉनेटमधून गूंऽऽ असा बारीक आवाज यायला लागला, अ‍ॅक्सिलरेटर दिला की वाढायचा. सर्व्हिस सेंटरला नेली, त्यांनी दोन मिनिटं ऐकलं आणि सांगितलं अल्टरनेटर, म्हणजे गाडीची वीज बनवणारं यंत्र, गेला, पूर्ण असेंब्ली, म्हणजे जोडलेलं अख्खं यंत्रच, बदलावी लागेल, स्टॉकमध्ये नाही, ऑर्डर टाकू, किती दिवस लागतील सांगता येत नाही, अ‍ॅडव्हान्स भरा. जो आकडा सांगितला तो गाडी विकून जेवढे आले असते त्याच्या पाव हिस्सा तरी होता. मी विचारलं की आतलं बेअरिंग गेलं असेल तर तेवढंच बदला ना, तर म्हणाले बेअरिंगचा वेगळा पार्ट नंबरच सिस्टीममध्ये नाहीये, असेंब्लीच येते.

मग एका जुन्या मेकॅनिककाकांकडे गेलो. त्यांनी आधी बेल्ट काढला आणि अल्टरनेटरची पुली नुसत्या हाताने फिरवून बघितली, खरखर लागली. अल्टरनेटर उतरवला, पुली काढली, पुलरने पुढचं बेअरिंग ओढलं आणि रॉकेलच्या फडक्याने पुसून माझ्या हातात ठेवलं. कडेच्या चकतीवर काळ्या ग्रीसखाली बारीक अक्षरात ६३०३ कोरलेलं, पुढे टू आर एस, पुढे सी थ्री. काका म्हणाले, "दुकानात जाऊन गाडीचं नाव सांगू नकोस. नाव सांगितलंस की तो नाहीच म्हणणार. नंबर सांग."

हे एक वाक्य मला आधी कुणी सांगितलं असतं तर गेल्या काही वर्षांत किती पैसे आणि किती चकरा वाचल्या असत्या.

६३०३ हा कुठल्या गाडीच्या कंपनीचा नंबर नाहीच. तो जगभर चालणारा मापाचा नंबर आहे, आतलं भोक १७ मिलिमीटर, बाहेरचा व्यास ४७, जाडी १४. कुठल्याही देशात, कुठल्याही चांगल्या कंपनीचं ६३०३ घ्या, माप हेच. शेवटचे दोन आकडे भोकाचे, ०० म्हणजे १०, ०१ म्हणजे १२, ०२ म्हणजे १५, ०३ म्हणजे १७, आणि ०४ पासून पुढे आकड्याला पाचाने गुणायचं, म्हणजे ०४ ला २०, ०५ ला २५. टू आर एस म्हणजे दोन्ही बाजूंना रबराचं सील. सी थ्री म्हणजे आतल्या गोळ्यांना नेहमीपेक्षा जरा जास्त मोकळीक, आणि ते अल्टरनेटरला लागतंच, कारण तो इंजिनच्या दुप्पट-तिप्पट वेगाने फिरतो आणि तापतो, तिथे घट्ट बसणारं साधं बेअरिंग किंवा कमी तापमानाचं ग्रीस टाकलं तर पुन्हा लवकरच आवाज सुरू. म्हणून नंबर सांगताना पूर्ण सांगायचा, शेपटासकट. हेच बेअरिंग पाण्याच्या पंपाच्या मोटरीत आणि मोटरसायकलमध्येही सापडतं, बेअरिंगच्या दुकानात ते पडूनच असतं. नवीन असेंब्लीच्या तुलनेत काहीच पैसे लागले नाहीत, तासाभरात गाडी परत जोडून झाली, आवाज गेला तो गेलाच.

त्या दिवसापासून मी गाडीकडे वेगळ्या नजरेने बघतो. तेल बाहेर गळू न देणाऱ्या रबरी कड्यावर, म्हणजे ऑइल सीलवरसुद्धा नंबर असतो, ३५-५०-८ असं लिहिलेलं असेल तर आतला व्यास, बाहेरचा व्यास, रुंदी, मापाचं सील कुठेही मिळतं, फक्त रबराचा प्रकार गरम तेलाला चालणारा आहे ना ते विचारायचं. पुढच्या बेल्टवर ६ पीके १७५० छापलेलं असतं, म्हणजे सहा धारा आणि लांबी १७५० मिलिमीटर. हेडलाइटचा बल्ब एच ४ किंवा एच ७, तो गाडीचं नाव बघत नाही. रिलेच्या, म्हणजे विजेवर चालणाऱ्या छोट्या स्विचच्या, पायांवर ३०, ८५, ८६, ८७ असे आकडे असतात, तेही ठरलेले, फक्त किती अँपिअरचा आहे आणि पायांची मांडणी तीच आहे ना ते बघायचं. म्हणजे ज्या गाडीचे पार्ट मिळत नाहीत म्हणून सगळे नाक मुरडतात त्या गाडीतल्या कितीतरी वस्तू मुळात त्या गाडीच्या नाहीतच.

मोठ्या पार्टचंही थोडंफार तसंच आहे. गाडीची कंपनी सगळं स्वतः बनवत नाही, बॉश, डेन्सो, व्हॅलिओ, माहले, झेडएफ ह्यांच्यासारख्या कंपन्या बनवतात आणि तोच पार्ट चार वेगवेगळ्या गाड्यांच्या खोक्यांत चार नंबरांनी आणि चार किमतींना विकला जातो. इंजिनं तर एकमेकांकडून घेतलेली असतात. फियाटचं २००३ साली आलेलं १.३ लिटरचं मल्टिजेट डिझेल इंजिन बघा, तेच सुझुकीने डीडीआयएस म्हणून लावलं, ओपेलने सीडीटीआय म्हणून, टाटाने क्वाड्राजेट म्हणून. त्यामुळे फियाट कमी खपली तरी तिच्या इंजिनाच्या बऱ्याच वस्तू मिळत राहिल्या, कारण ते इंजिन असलेल्या दुसऱ्या गाड्या लाखोंनी खपल्या. रेनॉची डस्टर आणि निसानची टेरानो एकाच सांगाड्यावरच्या. टोयोटा आयगो, प्यूजो १०७ आणि सिट्रोएन सी वन ह्या तिघी तर २००५ पासून एकाच कारखान्यात बनायच्या. आपल्या गाडीची अशी सख्खी बहीण कोण हे ज्याला माहीत आहे त्याचं निम्मं काम झालं.

पण डोळे झाकून बहिणीचा पार्ट आणू नये हेही सांगायला हवं, मी एकदा तसं केलंय. इंजिन तेच असलं तरी माउंटिंग वेगळी असते, सेन्सरची पिन वेगळी असते, एअर फिल्टरचा डबा वेगळा असतो, आणि एकाच मॉडेलमध्ये मधल्याच एखाद्या महिन्यात ब्रेकचा सप्लायर बदललेला असतो, म्हणजे एकाच वर्षाच्या दोन गाड्यांना पॅड वेगळे. मी आणलेले पॅड कॅलिपरमध्ये बसलेच नाहीत आणि खोकं फोडलं म्हणून दुकानदाराने परतही घेतले नाहीत. तेव्हापासून गाडीचा १७ अक्षरांचा चॅसिस नंबर मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवलाय, तो दिल्याशिवाय ऑर्डरच देत नाही, आणि जुना पार्ट नवीन हातात येईपर्यंत फेकत नाही. नवीन आला की दोन्ही शेजारी ठेवून भोकं, जाडी, कनेक्टर बघायचे, मगच खोकं पूर्ण उघडायचं. जुना नंबर बंद होऊन त्याच्या जागी नवीन नंबर आलेला असतो हा एक वेगळाच घोळ, काउंटरवरचा माणूस जुना टाकतो, स्क्रीनवर नाही दिसतं, तो नाही सांगतो आणि आपण घरी येतो, म्हणून "ह्याचा बदललेला नंबर कुठला" हा प्रश्न स्वतःहून विचारायचा.

स्वस्तात मिळतंय म्हणून सगळंच जुन्या गाडीतून काढलेलं घ्यावं असंही माझं मत नाही. दाराचं हँडल, आरसा, सीटची पट्टी, काच, बूटचं झाकण खुशाल घ्या. ब्रेकचे पॅड, टायमिंग बेल्ट, स्टिअरिंगचे टाय रॉड, सीट बेल्ट आणि एअरबॅग मात्र कुणी फुकट दिले तरी नको, त्यावर घरच्यांचा जीव असतो. आणि रबराचा पार्ट खोक्यात न वापरलेला आहे म्हणून नवा समजू नका, बुश, म्हणजे सांध्यात बसणारी रबरी नळी, दहा वर्षं कपाटात पडून पण कडक होतो, नख दाबून बघा, चिरा दिसतात.

आता जिथे खरंच अडतं त्याबद्दल. हेडलॅम्प, बंपर, दाराचं रबर, डॅशबोर्डची क्लिप, इंजिनचा कंट्रोल युनिट, हे त्या एकाच गाडीचे असतात, त्याला ६३०३ सारखा नंबर नाही. इथे कंपनीने हात वर केले की माणूस खरोखर अडकतो. हेडलॅम्पचा कान तुटला, बोटाच्या पेराएवढा प्लॅस्टिकचा तुकडा, त्यासाठी पूर्ण दिवा घ्यायला लावतात. काही कंपन्या तेवढ्या कानाचं रिपेअर किट देतात, म्हणजे करता येतं, इतर देत नाहीत. चाक धरणाऱ्या खालच्या दांड्याचा, म्हणजे लोअर आर्मचा बॉल जॉइंट (फिरता सांधा) रिव्हेट मारून बसवतात आणि मग जॉइंट गेला की पूर्ण आर्म घ्या. काच वर-खाली करणाऱ्या मशीनमध्ये चार पैशांचं प्लॅस्टिकचं गिअर झिजतं, ते वेगळं देत नाहीत. सगळ्या असेंब्ली लुटायला केलेल्या असतात असं मी म्हणणार नाही, चाकाचं बेअरिंग हबसकट येतं त्याला कारण आहे, ते प्रेसवर नीट बसवलं नाही तर लगेच खराब होतं. पण प्लॅस्टिकच्या कानाला काय कारण आहे?

गाडी जुनी आहे, कमी आहे म्हणून पार्ट बनवणं परवडत नाही असं सांगतात, ते अर्धंच खरं वाटतं. पोर्शाच्या ९५९ ह्या गाड्या मोजून २९२ बनल्या, त्यांच्या क्लचचा एक लिव्हर मिळेना तर कंपनीने २०१८ मध्ये तो थ्रीडी प्रिंट करून द्यायला सुरुवात केली. टोयोटाने जुन्या सुप्राचे पार्ट पुन्हा बनवायला घेतले, माझदाने पहिल्या पिढीच्या एमएक्स-५ चे घेतले. चांगलंच केलं, मनापासून आनंद झाला वाचून. पण त्या हौशी लोकांच्या लाडक्या गाड्या. ज्या गाडीत मुलांना शाळेत सोडलं, आजीला दवाखान्यात नेलं, आणि जी केवळ खपली नाही म्हणून बंद झाली तिच्यासाठी कोण लिव्हर प्रिंट करणार? सगळे पार्ट बनवत बसा असं आमचं म्हणणंच नाही, निदान माहिती तरी मोकळी करा. साब कंपनी २०११ मध्ये बुडाली तरी पार्ट पुरवणारी वेगळी कंपनी चालू राहिली म्हणून त्या गाड्या फिरत राहिल्या, म्हणजे गाडीची कंपनी संपली की गाडी संपलीच पाहिजे असा काही नियम नाही.

अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यात २०१२ मध्ये लोकांनी मतदान करून दुरुस्तीची माहिती बाहेरच्या गॅरेजना मिळालीच पाहिजे असा कौल दिला, २०२० मध्ये गाडीतून वायरलेस जाणाऱ्या डेटासाठी परत दिला. युरोपियन युनियनने २०२४ मध्ये डिझाइनचे नियम बदलले, त्यात मूळ आकारासारखेच असावे लागणारे दुरुस्तीचे भाग, म्हणजे बंपर, दिवे वगैरे, दुसऱ्यांनीही बनवायला वाट करून दिली. हे सगळीकडे व्हायला पाहिजे. माझी मागणी त्याच्याही पुढची आहे. मॉडेल बंद करताना कंपनीने त्याचा पूर्ण पार्ट कॅटलॉग चित्रांसकट सगळ्यांना खुला करावा, त्यात स्वतःच्या नंबरबरोबर ज्याने पार्ट बनवला त्या सप्लायरचा नंबरही द्यावा, आणि बेअरिंग, सील, बुश असेल तिथे सरळ माप लिहावं. ह्याला कारखाना लागत नाही, मशीन लागत नाही, ही माहिती त्यांच्याकडे आधीच आहे.

आणि तुम्हाला एक विनंती. गाडीचा रिव्ह्यू छापता तेव्हा शेवटी दोन ओळी वाढवा, ह्या गाडीचं इंजिन आणि गिअरबॉक्स अजून कुठल्या गाडीत आहे, आणि सस्पेन्शनचे बुश वेगळे मिळतात का आर्मसकटच घ्यावे लागतात. घेणाऱ्याला शोरूममध्ये हे कोणी सांगत नाही आणि त्याला विचारायचं सुचतही नाही, मलाही सुचलं नव्हतं. तुम्ही छापलंत तर विचारायला लागतील.

आमच्या गाडीच्या मागच्या डाव्या दाराचं रबर अजून मिळालेलं नाही, पावसात पाणी आत येतं. काकांनी जुन्या रबराचा वीतभर तुकडा कापून त्याचा आडवा छेद कागदावर उमटवून दिलाय, नळीची जाडी, पट्टीची खाच सगळं मिलिमीटरमध्ये लिहून, कारण असं रबर मीटरवर विकणारे असतात आणि छेद जुळला की गाडी कुठली हे ते विचारत नाहीत. तो कागद माझ्या पाकिटात आहे. रबर मिळालं की कळवतो.

आपला,
एक नियमित वाचक