सशाचे वजन काट्यावर पाहावे

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

पाळीव प्राण्यांच्या आजारांविषयी वृत्तपत्रांतून जे छापून येते ते बहुतेक कुत्र्या-मांजरांबद्दल असते. सशाची पाळी आली, की तो गाजर खातो आणि मुलांना फार आवडतो, यापुढे मजकूर सहसा सरकत नाही. हे दुर्लक्ष सशांना महागात पडते, कारण ससा दुखण्याचा गवगवा करत नाही. निसर्गात तो इतरांचे भक्ष्य असल्याने दुखणे लपवणे हाच त्याचा बचाव असतो, आणि घरातल्या सुरक्षित कोपऱ्यातही ती सवय सुटत नाही. अंग चोरून, डोळे अर्धवट मिटून, दात करकर वाजवत बसलेला ससा पाहून ‘आज शांत आहे’ असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. प्रत्यक्षात तो वेदनेत असतो. अशा प्राण्याचा आजार लवकर ओळखायचा तर घटणारे वजन ही फार भरवशाची खूण आहे, आणि नेमकी तीच नजरेतून सुटते.

नजरेतून सुटते याचे कारण त्याचे दाट केस. आतून हाडे लागलेला ससाही वरून गुबगुबीतच दिसतो, आणि रोज पाहणाऱ्याला तर फरक मुळीच जाणवत नाही. पाठीवरून बोटे हलक्या दाबाने फिरवली तर धडधाकट सशाचे मणके जाणवतात, पण गोलसर लागतात. खंगलेल्या सशाचे मणके आणि कमरेची हाडे बोटांना टोचतात. त्याहून खात्रीचा उपाय म्हणजे ग्रॅम दाखवणारा स्वयंपाकघरातला वजनकाटा. आठवड्यातून एकदा, शक्यतो ठरावीक वेळी, सशाला टोपलीत बसवून वजन करावे, टोपलीचे वजन वजा करावे आणि तारखेसह वहीत लिहून ठेवावे. थोड्याफार ग्रॅमचा चढउतार पोट भरलेले की रिकामे यावरही होतो, त्याने घाबरण्याचे कारण नाही. पण आकडा सलग उतरत असेल तर वाट पाहू नये. 2 किलोच्या सशाचे 200 ग्रॅम कमी झाले म्हणजे दहावा हिस्सा गेला. साठ किलोच्या माणसाचे विनाकारण सहा किलो उतरले तर घरचे लोक स्वस्थ बसतील काय?

वजन का घटते याची कारणे अनेक असली, तरी सर्वाधिक गैरसमज दातांबाबत आहे. सशाचे सगळे, म्हणजे 28 दात आयुष्यभर वाढत राहतात. पुढचे तर आठवड्याला 2 मिलिमीटरच्या आसपास वाढतात. गवत बारीक दळताना जबडा आडवा फिरतो आणि दाढांची झीज होते. गवताऐवजी दाणे आणि तयार गोळी खाद्यावर वाढलेल्या सशात ही झीज पुरेशी होत नाही, दाढांना टोके फुटतात, खालची टोके जिभेला आणि वरची गालाला टोचू लागतात. काही सशांत जबड्याची ठेवणच जन्मतः सदोष असते. अशा सशाला भूक असते, पण खाता येत नाही. तो नेहमीसारखा भांड्याकडे धावत येतो, गवताची काडी उचलतो, मान किंचित वाकडी करून दोनदा चावतो आणि काडी खाली टाकतो. मग मऊ पान तेवढे खाऊन बाजूला होतो. हनुवटी लाळेने ओली असते, तोंड पुसून पुसून पुढच्या पायांच्या आतल्या बाजूचे केस चिकटून गठ्ठा झालेले असतात. घरचे म्हणतात, नखरे करतोय, लाडावलाय. भांड्याकडे धावत येतो म्हणजे तब्येत ठीक आहे, हा समज इथे पुरता फसवा ठरतो.

पुढचे दात सरळ आणि पांढरेशुभ्र दिसले म्हणजे तोंड निरोगी, असेही धरून चालू नये. सशाचे तोंड इतके अरुंद असते की दाढा उघड्या डोळ्यांनी दिसतच नाहीत. त्या खास उपकरणाने, आणि नीट पाहायच्या तर बहुधा भूल देऊनच पाहाव्या लागतात. मुळांचा दोष केवळ क्ष-किरण चित्रात सापडतो. एका डोळ्यातून सतत पाणी येत असेल तरीही दात तपासावेत, कारण वरच्या दातांची मुळे अश्रुनलिकेला लागून असतात.

अर्थात प्रत्येक खंगणारा ससा दातांनीच आजारी असतो असे नाही. पिल्लांत आतड्यातील परजीवी, मोठ्यांत मूत्रपिंड किंवा यकृताचा विकार, नसबंदी न केलेल्या प्रौढ मादीत गर्भाशयाचा कर्करोग, म्हाताऱ्या सशात सांधेदुखी, ही कारणेही नेहमीची आहेत. त्यामुळे रक्त आणि लेंड्यांची तपासणी डॉक्टरांनी सुचवली तर ती उगाच काढलेली तपासणी समजू नये.

वाट का पाहू नये, याचे उत्तर सशाच्या पोटात आहे. त्याचे आतडे सतत चालते राहावे लागते, आणि ते चालते राहते गवतातल्या लांब तंतूंमुळे. खाणे थांबले की आतडे मंदावते, वायू साठतो, दुखू लागते आणि दुखते म्हणून खाणे आणखी घटते. सशाने बारा तास काही खाल्ले नसेल किंवा लेंड्याच टाकल्या नसतील, तर त्याच दिवशी, रात्र असली तरी, डॉक्टर गाठावा. लठ्ठ सशाबाबत तर अधिकच घाई हवी, कारण उपाशी राहिल्यास त्याच्या यकृतात चरबी साठते आणि ते निकामी होऊ शकते. आणखी एक गोष्ट लोकांना माहीत नसते. ससा द्राक्षाच्या घडासारख्या मऊ लेंड्या थेट गुदद्वारापाशी तोंड नेऊन खातो, आणि त्यातून त्याला जीवनसत्त्वे व प्रथिने मिळतात. तोंड किंवा कंबर दुखत असेल तर त्याला तिथवर पोहोचता येत नाही. मग त्या शेपटीखाली चिकटून राहतात, माश्या तिथे अंडी घालतात, आणि मालक मात्र जुलाब समजून पालाच बंद करतो.

घरी काय करावे? डॉक्टरांनी पोटात अडथळा नाही अशी खात्री केल्यावर पाण्यात भिजवून पातळ केलेले गोळी खाद्य किंवा आजारी सशांसाठी मिळणारी गवताची पूड सिरिंजने भरवता येते. सशाला कधीही उताणे करू नये. चार पायांवर बसवून, पुढचे दात आणि दाढा यांच्यामधल्या मोकळ्या जागेतून एका वेळी थोडेसेच द्यावे आणि तो गिळेपर्यंत थांबावे. पोट फुगून घट्ट झाले असेल तर भरवण्याआधी डॉक्टरांना विचारावे. कान गार पडले असतील तर ऊब द्यावी. पाणी नळीच्या बाटलीपेक्षा पसरट भांड्यात दिलेले बरे, कारण अशक्त ससा त्यातून अधिक पितो. जोडीदार असेल तर त्याला शक्यतो सोबतच ठेवावे.

वजन वाढावे म्हणून बिस्किटे, पाव, दाणे किंवा केळी चारण्याचा मोह टाळावा. पिष्ट आणि साखरेने आतड्यातील जिवाणूंचा तोल बिघडतो. गाजरही त्याच यादीत येते, हे सांगितल्यावर ऐकणाऱ्याचा चेहरा पाहण्यासारखा होतो. याहून घातक म्हणजे घरातले उरलेले औषध देणे. अमॉक्सिसिलिन, अ‍ॅम्पिसिलिन, क्लिंडामायसिन ही प्रतिजैविके तोंडावाटे दिल्यास सशाचा जीव जाऊ शकतो, आणि कुत्र्यांच्या पिसवांवर सर्रास वापरले जाणारे फिप्रोनिल सशाला विषारी आहे.

आपणांस विनंती अशी, की सशांवर नियमित उपचार करणाऱ्या एखाद्या पशुवैद्याकडून या विषयावर सविस्तर लेख लिहवून घ्यावा. तोवर वाचकांनी ससा आजारी पडण्याआधीच जवळच्या दवाखान्यांत दोन प्रश्न विचारून ठेवावेत: आपण सशाच्या दाढा तपासता का, आणि भुलीआधी त्याला उपाशी ठेवायला सांगता का? सशाला उलटी होत नाही, त्यामुळे कुत्र्या-मांजरांसारखा उपास त्याला लागत नाही, उलट अपायच होतो. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर ‘रात्रभर उपाशी ठेवा’ असे आले, तर दुसरा दवाखाना शोधावा.

कळावे,
आपली एक वाचक