रविवारची बोट मी रद्द केली आहे

ती. आई-बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

फोनवर बाबा मला वाक्य पुरं करू देत नाहीत, म्हणून लिहितेय. लग्नाच्या वाढदिवसाची बोट मी रद्द केली. बोटवाल्या काकांना कालच कळवलं, त्यांना वाईट वाटलेलं नाही.

दिवाळीत गंगापूर धरणावर आईला मागच्या बाकावर, इंजिनाजवळ, मीच बसवलं. ऊन लागू नये म्हणून ताडपत्रीही दोन्ही बाजूंनी मीच सोडायला लावली. उतरताना आईचं डोकं ठणकत होतं, मळमळत होतं, आणि मी म्हणाले, सकाळच्या मिसळीचं पित्त. आई, ते बहुतेक पित्त नव्हतं गं. अशी झाकलेली बोट पुढे निघाली की मागचा धूर उलटा आत ओढला जातो. त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडला ना रंग, ना वास. रक्तात तो प्राणवायूच्या 200 पटींहून जास्त घट्ट चिकटतो. बोट लागली असं समजून माणूस तिथेच आडवा होतो आणि आणखी धूर घेत राहतो. बाबांना तर दोन स्टेंट आहेत. हृदयाच्या माणसाला थोडासा धूरही जड जातो. हे कळल्यापासून तुझा तो पांढराफटक चेहरा डोळ्यांसमोरून जात नाही.

पाण्यावर जायचंच नाही असं नाही. पुढच्या महिन्यात मी येते. बाजू मोकळ्या असलेली बोट सांगू, पुढचा बाक तुमचा. पाठीला गोधडी, थर्मासमध्ये गवती चहा, बाबांचा बिनसाखरेचा वेगळा.

बाबा, पुरात दुतोंड्या मारुतीला पाणी कुठवर चढलं ते दाखवायला तुम्ही मला खांद्यावर न्यायचात. माझे पाय इतके घट्ट धरायचात की वळ उठायचे, आणि कितीही ओरडले तरी पकड सैल करायचा नाहीत. हे तसंच समजा.

मी नसताना कुणी आग्रहाने नेलंच, तर लाइफ जॅकेटचे सगळे पट्टे आवळायचे. उकडतंय म्हणून काढायचं नाही. धक्क्याला उभ्या बोटीचं इंजिन चालू असेल तर आत बसून राहायचं नाही. मागच्या शिडीवर पाय सोडून तर मुळीच नाही. कुणाचं डोकं दुखलं, गरगरलं की इंजिन बंद करायला लावा, मोकळ्या हवेत या आणि सरळ दवाखाना गाठा. आईने "होईल बरं" म्हणायचं नाही.

रविवारी सोमेश्वरला जाऊन या. रिक्षा सांगून ठेवलीय, 7.30 ला दारात येईल. आई, पायात मोजे घाल.

तुमची,
चिमी