सर, शिट्टी हातात दिल्याबद्दल

आदरणीय सर,
सा. न.

तुमच्या निवृत्तीच्या कार्यक्रमात सगळे ढालींबद्दल बोलले. विद्यापीठाच्या संघात कोण गेलं, पोलिसात कोण लागलं, खेळाडूंच्या ५ टक्के आरक्षणातून कोणाला नोकरी मिळाली, हे सांगता सांगता जेवणाची वेळ झाली. माईक माझ्या हाती आला असता तर मी आधी आपल्या बास्केटबॉलच्या मैदानाबद्दल बोलले असते, आणि मग त्या दुपारबद्दल, जेव्हा तुम्ही मला प्रशिक्षकाच्या आयुष्याचा सगळा हिशेब मांडून दाखवला. ते मनातच राहिलं, म्हणून हे पत्र.

आपल्या दर्यापूर भागातली जमीन म्हणजे पूर्णेच्या खोऱ्यातली काळी, भारी माती. पावसात फुगते आणि उन्हाळ्यात हात आत जाईल एवढ्या भेगा पडतात. कपाशीला ती चांगली, पण तिच्यात रोवलेला खांब सरळ राहत नाही. कॉलेजचे पहिले खांब असेच कलले होते. रिंग जमिनीपासून ३.०५ मीटरवर हवी, ती एका बाजूला झुकली होती. तुम्ही काळी माती उपसून काढली, खोल मुरूम भरला, पाणी मारून रोलर फिरवला आणि मग २८ बाय १५ मीटरचं मैदान चुन्यानं आखलं. रोलर रस्त्याच्या कंत्राटदाराकडून मागून आणला होता, हे मला फार उशिरा आपल्या शिपाईकाकांकडून कळलं. तुम्ही कधी बोलून दाखवलं नाही. बास्केटबॉलची जागतिक संघटना फिबानं २०१० मध्ये तीन गुणांची रेषा ६.२५ मीटरवरून ६.७५ मीटरवर नेली, तेव्हा टेप आणि चुन्याचं घमेलं घेऊन तुम्ही स्वतः वाकलात. आमच्या मैदानावर विद्यापीठाचा एकही सामना होणार नव्हता, तरी रेषा बरोबर जागेवर हवी होती.

सरावाची वेळ तुम्ही एसटीच्या वेळापत्रकावरून ठरवली. खेड्यावरच्या आम्हा पोरींसाठी याहून मोठी सोय नव्हती. बाबा म्हणाले होते, "सर, पोरीची येसटी हुकली तं?" तुम्ही वाद घातला नाही. गाडी सुटण्याच्या अर्धा तास आधी बॉल गोळा करायचे, हा नियमच करून टाकला, आणि स्पर्धा जवळ आली तरी तो मोडला नाही. सामने जिंकण्याच्या घाईत किती जण असं करतील?

आणि तो पिव्हट, एक पाय जागेवर ठेवून त्याच्याभोवती फिरणं! माझ्या डाव्या बुटाभोवती तुम्ही चुन्यानं गोल काढला आणि बॉल हातात देऊन म्हणालात, "आता चारही दिशेनं फिर. पंजा गोलातून हालला की बॉल गेला समज." टाच उचलायची, पंजा तिथंच, दुसरा पाय घड्याळाच्या काट्यासारखा फिरवायचा. समोर दोघी जणी हात पसरून उभ्या. कितीतरी दिवस रिंगकडे बघायलाही मिळालं नाही, मला रडू यायचं. पण आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत आमच्या गटाला ट्रॅव्हलिंग, म्हणजे बॉल हातात धरून पाय नियमाबाहेर हलवल्याची चूक, क्वचितच लागायचं, ते त्या गोलामुळं.

आता ती दुपार. बी. ए.चं शेवटचं वर्ष होतं आणि मी म्हटलं, सर, मला तुमच्यासारखं व्हायचंय. दुसऱ्या कोणी पाठ थोपटली असती. तुम्ही मस्टरच्या पाठकोऱ्या कागदावर लिहायला घेतलं. बी. पी. एड. केलं तर शाळा. कॉलेजात क्रीडा संचालक व्हायचं तर एम. पी. एड. आणि वर नेट किंवा सेटची पात्रता परीक्षा. निव्वळ प्रशिक्षक व्हायचं तर पटियाळ्याच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा, म्हणजे एनआयएसचा डिप्लोमा, निदान तिथला सहा आठवड्यांचा सर्टिफिकेट कोर्स. मग स्वतःचा रस्ता सांगितलात. अमरावतीला हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या कॉलेजात शिकलात, पटियाळ्याला जाऊन आलात, आणि परत आल्यावर विनाअनुदानित शाळेत वर्षानुवर्षं पगार नाही. घर शेतीवर चाललं. पुढं कॉलेजात तासिका तत्त्वावर, उन्हाळ्यात तेही बंद. कायम झालात तेव्हा खेळाचे नियमच बदलले होते. तुम्ही २० मिनिटांचे दोन हाफ आणि बॉल हाती आल्यावर ३० सेकंदांत रिंगकडे टाकायचा, असा खेळ शिकून आलेले. २००० मध्ये १० मिनिटांचे चार क्वार्टर आणि २४ सेकंद आले, तसं तुम्ही हातात स्टॉपवॉच घेऊन सगळं नव्यानं शिकलात. हे ऐकताना भीती वाटली, खोटं सांगत नाही. पण त्या कागदामुळंच मी टिकले. माझीही तासिकांची वर्षं आली तेव्हा मला ती ओळखीची वाटली, फसवणूक वाटली नाही.

कागद हातात देऊन तुम्ही म्हणालात, "आता उद्यापासून ज्युनिअरच्या पोरी तू घे," आणि गळ्यातली शिट्टी काढून दिलीत. सर, मला त्या दिवशी तुम्ही वर्गात सांगायचात ती परंपरा आठवली. १८९१ मध्ये अमेरिकेतल्या स्प्रिंगफिल्डला हा खेळ शोधून काढणारे जेम्स नेस्मिथ आपल्यासारखेच शारीरिक शिक्षणाचे मास्तर. पुढं कॅन्सस विद्यापीठाचे प्रशिक्षक झाले. तिथं त्यांच्या नावावर ५५ विजय आणि ६० पराभव. त्या विद्यापीठात जिंकण्यापेक्षा जास्त हरलेले प्रशिक्षक तेवढे एकच. पण त्यांच्या हाताखाली फॉग ॲलन खेळले, ॲलनच्या हाताखाली डीन स्मिथ, आणि नॉर्थ कॅरोलिनात स्मिथच्या हाताखाली मायकेल जॉर्डन. "प्रशिक्षकाची कामगिरी मोजायची तर एवढ्या लांबपर्यंत मोजा," असं तुम्ही म्हणायचात. समारंभात ढाली मोजल्या जात होत्या तेव्हा माझ्या डोक्यात हेच चाललं होतं. तुमच्या हाताखालून निघालेल्या आम्ही कितीतरी जणी आज आश्रमशाळांत, जिल्हा परिषदेच्या शाळांत पोरींना खेळवतो आहोत. त्यांची नावं कुठल्याच फलकावर नाहीत.

माझ्या शाळेचं मैदानही काळ्या मातीचंच आहे. मुरूम टाकून झाला, खांब उभे राहिले, गावातल्या दोघांनी ट्रॅक्टर फुकट दिला. पोरींच्या गाडीची वेळ मी भिंतीवर लिहून ठेवली आहे.

पुढच्या महिन्यात तालुक्याचे सामने आहेत. आठवीतली एक पोर फार चपळ आहे, पण डाव्या हातानं ले-अप, म्हणजे धावत येऊन रिंगजवळून उडी मारून बॉल टाकताना, उडी चुकीच्या पायावर घेते. मी सगळं करून पाहिलं. तुम्ही एकदा येऊन बघाल का? काकूंनाही आणा. सकाळच्या गाडीनं या, जेवण आमच्याकडं.

तुमची विद्यार्थिनी