आडगावचा प्लॉट विकू नका

तीर्थरूप आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

छोटूच्या इंग्लंडच्या नोकरीसाठी बाबा आडगावचा प्लॉट काढायचं म्हणताहेत, हे आईकडून कळलं. एजंटने खर्चाचा जो कागद दिलाय, त्याचा फोटोही बघितला. बाबा, कुणालाही शब्द द्यायच्या आधी हे सावकाश वाचा.

त्या कागदावर सगळ्यात मोठी रक्कम 'स्पॉन्सरशिप'ची आहे. त्यातला एक रुपयाही द्यायचा नाही. सर्टिफिकेट ऑफ स्पॉन्सरशिप म्हणजे व्हिसासाठी कंपनीने द्यायचा दाखला, त्याची फी कंपनीची असते आणि ३१ डिसेंबर २०२४ पासून ती स्किल्ड वर्कर व्हिसावर, म्हणजे नोकरीच्या व्हिसावर, येणाऱ्याकडून वसूल करायला इथल्या ब्रिटिश सरकारने बंदीच घातली आहे. असे पैसे मागितले जात असतील तर मुळात नोकरी खरी आहे का, हेच आधी तपासायला हवं. स्पॉन्सर लायसन्स, म्हणजे परदेशातून माणसं नोकरीला आणायचा परवाना, असलेल्या कंपन्यांची यादी सरकारी वेबसाइटवर फुकट बघता येते. त्यात नाव सापडलं तरी कंपनीच्या एचआरशी छोटूने स्वतः बोलावं, एजंटमार्फत नको.

आणि जो मोठा खर्च खरंच येणार आहे, तो त्या कागदावर नाहीच. व्हिसाची फी लिहिली आहे. तीन वर्षांपर्यंतच्या व्हिसाला ती एप्रिल २०२५ मध्ये ७६९ पाउंड झाली. पण हेल्थ सरचार्ज, म्हणजे इथल्या सरकारी आरोग्यसेवेसाठी व्हिसासोबत भरायचे पैसे, कुठे आहे? माणशी वर्षाला १,०३५ पाउंड, आणि तीन वर्षांचे ३,१०५ पाउंड अर्ज करतानाच एकरकमी भरायचे. पाउंड ११५ रुपयांना धरला तर साडेतीन लाखांच्या वर जातात. पुढे लग्न होऊन बायको आली की तिचे वेगळे. व्हिसा नाकारला तर सरचार्ज परत मिळतो, अर्जाची फी मात्र गेली ती गेली. एवढं भरूनही इथे दाताच्या डॉक्टरकडे वेगळे पैसे पडतातच.

कार्डाने भरलं तर बँक परकीय चलनाचा आकार वर लावते. टीबीची तपासणी, इंग्रजीची परीक्षा यांचेही पैसे आहेत, शिवाय पंचवटी एक्सप्रेसने मुंबईच्या खेपा. हे सुटे खर्च एकेकटे बघितले तर किरकोळ वाटतात.

एक गोष्ट बाबांनी नीट लक्षात घ्यावी. कंपनीने पहिल्या महिन्याच्या खर्चाची हमी दिली नाही, तर १,२७० पाउंड सलग २८ दिवस खात्यात दिसावे लागतात, आणि ते खातं छोटूचं हवं. बाबांच्या नावावरची एफडी तिथे चालत नाही. अर्जाच्या आदल्या आठवड्यात पैसे टाकूनही भागत नाही.

मला खरी काळजी पहिल्या पगाराआधीच्या दिवसांची आहे. घरमालक पाच आठवड्यांच्या भाड्याइतकं डिपॉझिट घेऊ शकतो, वर पहिल्या महिन्याचं भाडं, आणि घर मिळेपर्यंत राहायची सोय वेगळी. पगार येणार महिनाअखेरीला. त्या वेळी हात रिकामा असला की माणूस मिळेल त्या अटीवर सही करतो. वर्ष-दोन वर्षांच्या आत नोकरी सोडली तर व्हिसाचा खर्च परत द्या, अशी अट कराराच्या आतल्या पानावर असते. छोटूने तो करार सही करण्याआधी मला पाठवावा.

व्हिसाची मुदत संपली की फी आणि सरचार्ज पुन्हा भरायचा. म्हणून पहिल्या पगारापासूनच दरमहा त्यासाठी वेगळे पैसे ठेवावे लागतात. प्लॉटचे पैसे एकदाच येतील, हा खर्च फिरून येतो.

त्याने इथे यावं असं मलाही मनापासून वाटतं. त्याची अंबडची नोकरी चालू आहे, तेव्हा सहा महिने पैसे साठवू दे. सरचार्जचे पैसे मी देते, डिपॉझिटचेही बघते. सातपूरला रात्रपाळ्या करून बाबांनी घेतलेली जागा त्यासाठी जायला नको. ती तुमच्या दोघांच्या नावावर राहू दे.

एजंटला टोकन दिलं असेल तर पावती मागून घ्या आणि मला कळवा, मी रागावणार नाही. रविवारी छोटूला ऑफर लेटर समोर ठेवून व्हिडिओ कॉल करायला सांगा. बाबांनीही शेजारी बसावं.

तुमची,
ताई