पगार तिच्याच हाती द्या

मा. संपादक यांस,
स.न.वि.वि.

हॉटेलांत आणि खानावळींत राबून स्वतः पैसे मिळवणाऱ्या स्त्रिया मारझोड करणाऱ्या नवऱ्याजवळ राहतातच कशाला, असा प्रश्न आपल्या वाचकपत्रांत नुकताच एका गृहस्थांनी विचारला होता. प्रश्नामागे कुत्सितपणा नव्हता, हे पत्राच्या सुरावरून कळत होते. परंतु पैसे मिळवणे आणि मिळवलेले पैसे आपल्या हाती असणे या दोन गोष्टी त्यांनी एकच मानल्या होत्या, आणि सारी अडचण नेमकी त्या दोहोंच्या मध्ये आहे. मी बँकेतून निवृत्त झाले आहे. नोकरीची बहुतेक वर्षे मुंबईत आणि काही वर्षे कोकणातील एका तालुक्याच्या शाखेत गेल्यामुळे ही अडचण मला काउंटरच्या आतल्या बाजूने पुष्कळदा पाहायला मिळाली.

त्या तालुक्याच्या गावी महामार्गालगतच्या हॉटेलात ताटे वाढणाऱ्या एका तरुण बाईचे खाते आमच्याकडे होते. (तिचे किंवा गावाचे नाव देणे उचित होणार नाही.) खाते तिचे, फोटो तिचा, सहीसुद्धा तिची, मात्र खात्याला जोडलेला मोबाइल क्रमांक नवऱ्याचा होता आणि एटीएम कार्ड त्याच्याच पाकिटात असे, त्यामुळे पैसे जमा झाल्याचा संदेश तिच्याआधी त्याला मिळे आणि ती पाळी संपवून घरी पोहोचण्यापूर्वी खाते रिकामे झालेले असे. तेही जेव्हा पगार खात्यात येई तेव्हा. एरवी नवरा महिन्याच्या मध्यावरच गल्ल्यापाशी येऊन उचल घेऊन जाई, आणि मालकाच्या वहीत तिच्या नावापुढे लिहिलेल्या आकड्यांखाली सही असे ती नवऱ्याची.

हा मालक दुष्ट मुळीच नव्हता. दिवाळीला तो तिला साडी देई, ती सुजलेल्या चेहऱ्याने कामावर आली तर दोन दिवस भरपगारी घरी पाठवी, आणि आपण तिचे भलेच करतो आहोत असे त्याला मनापासून वाटे. घरी पाठवणे म्हणजे कोणाकडे पाठवणे, हा विचार त्याने केला नव्हता एवढेच. 'माझा पगार ह्यांच्या हाती देऊ नका' असे तिने एकदा धीर करून सांगितले, तेव्हा 'नवरा-बायकोच्या भांडणात मला ओढू नकोस, उद्या तो माझ्या दारात तमाशा करील' हे उत्तर तिला मिळाले. माझ्या मते अशा संसारातून बाहेर पडण्याच्या वाटेवरचे सर्वांत भक्कम कुलूप हेच आहे, आणि ते लावणारी माणसे स्वभावाने बहुधा भली असतात.

नवऱ्याला ज्यांचा हिशेब लागत नसे असे तिच्याकडचे पैसे म्हणजे बिलाबरोबर येणाऱ्या बडीशेपेच्या बशीत गिऱ्हाइके ठेवून जात ती नाणी आणि दहा-वीसच्या नोटा. रात्री त्यांची वाटणी झाली की तिच्या वाट्याला आलेले पैसे ती घरी नेत नसे. मागे चुलीशी भाकऱ्या भाजणाऱ्या बायकांची एक भिशी होती, तिच्यात ते जात. पुढे टेबलाटेबलावर क्यूआर कोडचे फलक आले आणि लोक बिलातच वरचे पैसे धरून फोनवरून देऊ लागले. ती सगळी रक्कम मालकाच्या खात्यात जाऊ लागली आणि बशीत बडीशेप तेवढी उरली. रोखीशिवायच्या व्यवहारांचे फायदे मी जन्मभर ग्राहकांना समजावून सांगितले आणि आजही सांगेन, पण या बदलात वाढणाऱ्या बाईचे जे गेले त्याची नोंद कुठल्याही अहवालात मला दिसलेली नाही.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत स्त्रियांना असे विचारतात की, तुम्ही स्वतः वापरता असे बँक खाते किंवा बचत खाते तुमच्याकडे आहे का. २०१५-१६ च्या पाहणीत देशातील ५३ टक्के स्त्रियांचे उत्तर होकारार्थी होते आणि २०१९-२१ च्या पाहणीत ते प्रमाण ७८.६ टक्क्यांवर गेले. २०१४ पासूनच्या जनधन खात्यांचा यात मोठा वाटा आहे आणि ही प्रगती खरीच आहे. तरीही वर वर्णन केलेल्या बाईला हा प्रश्न कोणी विचारला असता तर तिने काय उत्तर दिले असते, याबद्दल मला शंका आहे.

कायदा या बाबतीत लोक समजतात त्यापेक्षा बराच पुढे आहे. हिंदू उत्तराधिकार अधिनियम, १९५६ मधील कलम १४ नुसार हिंदू स्त्रीने स्वतःच्या कौशल्याने किंवा कष्टाने मिळवलेल्या मालमत्तेची ती पूर्ण मालक असते. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण करणाऱ्या २००५ च्या कायद्यात आर्थिक छळाला हिंसाचारच मानले आहे, आणि या कायद्याच्या नियमांसोबत घटनेची नोंद करण्याचा जो छापील नमुना आहे त्यात पत्नीचे वेतन काढून घेणे व तिला ते वापरू न देणे या गोष्टींचा स्पष्ट उल्लेख आहे. त्या हॉटेलमालकाला ज्या तमाशाची भीती वाटत होती तिचाही विचार कायदा करणाऱ्यांनी केला होता. २००५ च्या याच कायद्याच्या कलम १८ खाली न्यायदंडाधिकारी नवऱ्याला पत्नीच्या कामाच्या ठिकाणी पाऊल ठेवण्यास मनाई करू शकतात, दोघे मिळून वापरत असलेल्या बँक खात्याच्या व्यवहारांनाही आवर घालू शकतात, आणि तो आदेश मोडल्यास एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. हे मालकाला कोणी सांगितले नव्हते आणि बाईलाही नाही. तिला माहीत होता तो पंचांसमोर स्टॅम्पपेपरवर लिहून देण्याचा काडीमोड, जो समाजाची तशी सिद्ध होऊ शकणारी रूढी असल्याखेरीज न्यायालयात टिकत नाही.

भिशी लागली त्या महिन्यात ती मुंबईला निघून आली. एसटीचे तिकीट तिला अर्धे पडले, कारण मार्च २०२३ पासून राज्यात महिलांना एसटीच्या भाड्यात ५० टक्के सवलत आहे. या सवलतीवर तोट्याच्या आकड्यांनिशी टीका करणाऱ्यांनी अशा प्रवासांचाही हिशेब एकदा मांडून पाहावा. दूरच्या नात्यातल्या एका बहिणीने तिला दिवा या उपनगरातील आपल्या खोलीत ठेवून घेतले आणि दादरच्या एका उपाहारगृहात तिला पुन्हा ताटे वाढण्याचेच काम मिळाले. माहेरून मात्र 'नांदायला परत जा' असे निरोप येत राहिले.

मुंबईत येणाऱ्या अशा स्त्रीला हे शहर बरेच काही देऊ शकते, फक्त ते तिच्यापर्यंत पोहोचत नाही. नवऱ्याविरुद्ध दाद मागण्यासाठी गावी परतावे लागेल, हा समज सर्वांत जास्त पसरलेला आहे आणि तो चुकीचा आहे. २००५ च्या कायद्याप्रमाणे ती तात्पुरती राहते किंवा नोकरी करते तेथील न्यायालयातही अर्ज करता येतो, आणि हिंदू विवाह कायद्यातील २००३ च्या दुरुस्तीनंतर घटस्फोटाचा अर्जही पत्नीला आपण राहतो तेथे दाखल करता येतो. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ नुसार स्त्रीला मोफत वकील मिळण्यासाठी उत्पन्नाची अट नाही. पोलिसांच्या सहकार्याने स्त्रिया व मुलांसाठी चालणारा विशेष कक्ष टाटा समाजविज्ञान संस्थेने १९८४ साली याच शहरात सुरू केला आणि पुढे त्या धर्तीवर राज्यभर कक्ष निघाले. 'तू कमावतेस, मग तुला पोटगी कसली' हे वाक्य अशा बहुतेक बायकांनी ऐकलेले असते. प्रत्यक्षात पत्नी काहीतरी कमावते एवढ्याच कारणावरून तिची पोटगी नाकारता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने सुनीता कछवाहा प्रकरणात २०१४ मध्ये स्पष्ट केलेले आहे.

स्त्रियांच्या हाती त्यांच्याच कष्टाचा पैसा राहावा याचा धडा मुंबईला नवा नाही. गिरणगावात एकेकाळी हजारो कामगार ज्या खानावळींत जेवत त्या चालवणाऱ्या बायका वाण्याच्या उधारीत आणि सावकाराच्या व्याजात बुडालेल्या असत. प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन करून त्यांना संघटित केले आणि बँकेचे कर्ज त्यांच्या स्वतःच्या नावावर मिळवून दिले. त्या खानावळवाल्या निदान आपल्या चुलीच्या मालकीण तरी होत्या. आज ताटे वाढणारी बाई दुसऱ्याच्या हॉटेलात नोकरी करते, म्हणून तिच्या बाबतीत सुरुवात मालकापासून व्हायला हवी. मुंबईतील हॉटेलमालकांच्या 'आहार' या संघटनेने आपल्या सभासदांना स्पष्ट सूचना द्यावी की, स्त्री-कर्मचाऱ्याचा पगार, उचल आणि वाटणीतील टिप यांपैकी काहीही नवऱ्याच्या, दिराच्या किंवा सासऱ्याच्या हाती देऊ नये, आणि फोनवरून येणाऱ्या टिपचा हिशेब रोज रात्री वेगळा काढून त्याच रात्री वाटावा. यासाठी नव्या कायद्याची गरज नाही आणि मालकाच्या खिशाला तोशीस पडत नाही. तालुक्यांच्या गावचे अनेक हॉटेलवाले मुंबईकडे पाहूनच आपल्या पद्धती ठरवतात, हे मी तेथे राहून पाहिले आहे.

सरकारकडेही एक मागणी आहे. मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजनेचे १,५०० रुपये थेट बहिणीच्या खात्यात जमा होतात, आणि २०२४ मध्ये योजना सुरू झाली तेव्हा परित्यक्ता स्त्रियांचा पात्र लाभार्थींत आवर्जून समावेश होता. २०२५ मध्ये मात्र ई-केवायसी, म्हणजे लाभार्थीच्या ओळखीची ऑनलाइन पडताळणी, करताना पतीच्या किंवा वडिलांच्या आधारची पडताळणी मागितली गेली. पतीचे निधन झालेल्या आणि घटस्फोटित स्त्रियांना त्याऐवजी कागदपत्रे देण्याची मुभा पुढे मिळाली, पण नवऱ्याचे घर सोडलेल्या आणि घटस्फोटाचा हुकूमनामा अजून हाती न आलेल्या बाईकडे मृत्यूचा दाखलाही नसतो आणि घटस्फोटाचा कागदही नसतो. ज्याच्यापासून पळून आली त्याच्याच फोनवर येणारा ओटीपी तिने मागावा कसा? अशा अर्जदारांसाठी २००५ च्या कायद्याखाली नेमलेल्या संरक्षण अधिकाऱ्याचे किंवा विशेष कक्षाचे पत्र पुरेसे मानले जावे.

बँकांतील माझ्या तरुण सहकाऱ्यांनाही एक विनंती आहे. खाते उघडण्यास एकटी आलेल्या विवाहित बाईला 'मिस्टरांना घेऊन या' असे सांगण्याची सवय अजून पुरती गेलेली नाही. तिच्या स्वतःच्या ओळखपत्रावर तिचे खाते उघडते आणि त्यासाठी नवऱ्याची संमती लागत नाही. नोंदवलेला मोबाइल क्रमांक बदलण्यासाठी किंवा जुने कार्ड बंद करून नवे घेण्यासाठीही तिची एकटीची सही पुरते. कार्ड नवऱ्याकडे आहे असे ती दबक्या आवाजात सांगत असेल, तर ते त्याच क्षणी बंद करावे आणि नवे कार्ड टपालाने सासरच्या पत्त्यावर न पाठवता शाखेतच तिच्या हाती द्यावे.

शक्य झाल्यास या पत्राखाली महिला मदतवाहिनीचा १८१ आणि मोफत विधी सेवेचा १५१०० हे दोन क्रमांक ठळक अक्षरांत छापावेत, ही विनंती.

आपली नम्र,
एक निवृत्त बँक अधिकारी, दादर, मुंबई