काळा दिन, राज्योत्सव आणि कॅमेऱ्याचं सेटिंग

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

१ नोव्हेंबर उलटला की बेळगाव, खानापूर, निपाणीच्या मोबाइलवर मोर्चाच्या क्लिपा फिरू लागतात. घोषणा फाटलेली, आकाश पांढरंफटक, तारखेचा पत्ता नाही. उद्या कुणी सीमाप्रश्नावर माहितीपट करायला घेतला तर यातलं फारसं काही हाताला लागणार नाही. चित्रीकरणाच्या कामातले लोक म्हणून त्याविषयी थोडं लिहितो.

त्या दिवशी शहरात काळा दिन पाळणाऱ्या मराठी भाषकांची काळे कपडे, काळे झेंडे घेऊन निषेध फेरी निघते आणि राज्योत्सवाची पिवळ्या-लाल झेंड्यांची मिरवणूक रात्रीपर्यंत चालते. ऑटो सेटिंगवर ठेवलेला कॅमेरा दोन्हीकडे फसतो, पण वेगवेगळ्या तऱ्हेने. फ्रेममध्ये काळं जास्त आलं की ऑटो एक्स्पोजर (उजेड आपोआप कमी-जास्त करणारी सोय) सगळं चित्र उजळवतं: काळा शर्ट राखाडी होतो, चेहरे जळतात. पिवळं जास्त आलं की ऑटो व्हाइट बॅलन्स (रंगांचा तोल आपोआप साधणारी सोय) चित्र निळसर करतो. झेंडा मळकट दिसतो, माणसं आजारी. म्हणजे संकलनाला बसण्याआधीच एका बाजूची माणसं भाजलेली आणि दुसरीकडची निस्तेज होऊन बसतात. हे कुणी ठरवून केलेलं नसतं, म्हणून कुणाच्या लक्षातही येत नाही. राजकीय विषयावर कॅमेरा धरणाऱ्याने निःपक्षपातीपणाच्या गप्पा नंतर माराव्यात, आधी दोन्ही मिरवणुका मॅन्युअलवर घ्याव्यात.

उन्हात व्हाइट बॅलन्स ५६०० केल्विनला पक्का करावा. एक्स्पोजर चेहऱ्यावर ठरवावं, कपड्यांवर नाही. सेकंदाला २५ फ्रेम असतील तर शटर १/५० सेकंद. भर उन्हात आयएसओ (प्रकाश-संवेदनक्षमता) १०० ठेवून एवढ्या शटरला ॲपर्चर (लेन्सचं छिद्र) ४ हवं असेल तर पाच स्टॉपचा, म्हणजे प्रकाश बत्तीस पटींनी कमी करणारा, एनडी फिल्टर लागतो. तो नसला की लोक शटर १/२००० करून मोकळे होतात आणि फडकणारा झेंडा झटके देत हलतो. रात्री वेगळी अडचण. आपली वीज ५० हर्ट्‌झची, त्यामुळे ट्यूबलाइटखाली १/५० किंवा १/१०० शटरला चित्र लुकलुकत नाही. बहुतेक मोबाइल मात्र ३० फ्रेमवर लावलेले असतात; शटर १/६० झालं की पडद्यावर पट्टे सरकू लागतात. डीजेच्या गाडीवरच्या एलईडी पडद्याला हा हिशेब लागू नाही. तिथे शटर थोडं थोडं हलवत पट्टे थांबतील तो आकडा शोधायचा.

खरा घात आवाजात होतो. ऑटो गेन (आवाजाची पातळी आपोआप वरखाली करणारी सोय) चालू असला की घोषणेला आवाज दबतो आणि दोन घोषणांच्या मधल्या शांततेत खरखर वर येते. ते बंद करून बोलण्याची पातळी उणे १२ डेसिबलच्या आसपास ठेवावी आणि रेकॉर्डर देत असेल तर दुसरा ट्रॅक आणखी १२ डेसिबल खाली घ्यावा. हलगी कडाडली की तोच वाचवतो. माइक कर्ण्याजवळ नको, माणसांत हवा. मोबाइल असेल तर एअरप्लेन मोडवर टाकावा, नाहीतर ऐन वेळी फोन येऊन रेकॉर्डिंग थांबतं.

उभं कुठे राहायचं, हाही प्रश्न आहे. पोलिसांच्या मागे उभं राहून सगळा मोर्चा घेतला तर मोर्चेकरी अंगावर येणारा जमाव दिसतात. फक्त मोर्चाच्या पोटातून घेतलं तर समोर नुसत्या लाठ्या. कडेच्या ओट्यावरून दोन्ही एका फ्रेममध्ये बसतात. गर्दीत २४ किंवा ३५ मिलिमीटरची लेन्स पुरे. उलट्या पावलांनी चालताना पाठीमागून कमरेचा पट्टा धरणारा एक साथीदार हवाच. शॉट निदान दहा सेकंद स्थिर धरावा आणि घोषणा सुरू झाली तर संपेपर्यंत तोडू नये. ड्रोनचा मोह टाळलेला बरा. सांबऱ्याला विमानतळ आणि हवाई दलाचं केंद्र, कॅम्पात मराठा लाइट इन्फंट्री. उडवण्याआधी डिजिटल स्काय या ड्रोनसाठीच्या सरकारी संकेतस्थळावरचा नकाशा पाहावाच लागतो.

पण सीमाभाग म्हणजे नुसता मोर्चा नाही. निपाणीच्या तंबाखू वखारींतल्या बायकांच्या लढ्यावर युगांतर या गटाने १९८२ मध्ये माहितीपट केला, कॅमेरा नवरोज कॉन्ट्रॅक्टर यांचा. तो फिल्मचा जमाना. १६ मिलिमीटरचा ४०० फुटी रोल अकरा मिनिटांत संपतो, त्यामुळे बटण दाबण्याआधी काय घ्यायचं ते ठरवावं लागे. आज १२८ जीबीच्या कार्डात १०० एमबीपीएसने पावणेतीन तास मावतात आणि कुणी काहीच ठरवत नाही.

वखारीत चित्रीकरण करायचं तर काही गोष्टी आजही तशाच आहेत. बायका जमिनीवर बसून काम करतात. उभ्याने घेतलेल्या शॉटमध्ये त्यांची डोकी तेवढी दिसतात, चेहरे नाहीत. कॅमेरा खाली, त्यांच्या नजरेच्या पातळीत हवा. तंबाखूची भुकटी सगळीकडे शिरते: आत लेन्स बदलायची नाही, काच आधी ब्लोअरने झाडायची, मग पुसायची. कोरडं फडकं थेट फिरवलं की ओरखडा पडलाच. दाराकडे तोंड करून बसवलं तर वेगळे दिवे लागत नाहीत.

मालकाची परवानगी म्हणजे कामगाराची संमती नव्हे. मुकादम दारात उभा असताना दिलेलं उत्तर वापरू नये. मुलाखत घरी जाऊन घ्यावी. ओळख लपवायची असेल तर चेहरा पुसट करून भागत नाही. मनगटावरचं गोंदण, बांगड्या, मागची भिंत, बोलण्याची ढब, यांतल्या एकावरून निपाणीत बाई ओळखू येते. मग तिचं बोलणं लिहून घेऊन दुसऱ्या कुणाकडून वाचून घेणं बरं. आणि राजकीय मुलाखतीत आपला प्रश्न कापू नये. ‘कोणत्या राज्यात राहायचं?’ आणि ‘शाळा कोणत्या भाषेची हवी?’ या दोन प्रश्नांना एकच माणूस एकाच दमात वेगळी उत्तरं देतो. प्रश्न गेला की उत्तर हवं तिकडे वळवता येतं. बोलता बोलता माणूस मराठीतून कन्नडात गेला तर तेही राहू द्यावं, खाली ओळी द्याव्यात.

शेवटी साठवण. व्हॉट्सॲपवर व्हिडिओ म्हणून पाठवलं की चित्र आवळलं जातं आणि तारीख, वेळ यांची मूळ नोंद हरवते. डॉक्युमेंट म्हणून पाठवावं. मूळ फाइलला हात लावू नये. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे अशी फाइल न्यायालयात मांडताना द्यायच्या प्रमाणपत्रात तिची हॅश किंमतही (फाइलवरून काढलेली, फाइल जराही बदलली की बदलणारी अंकाक्षरांची खूण) लिहावी लागते. कार्ड उतरवल्यावर लगेच एसएचए-२५६ पद्धतीने ही हॅश काढून वहीत टिपली तर पुढे धावपळ होत नाही. प्रती तीन, त्यातली एक दुसऱ्या गावात.

हे एकेकट्याने होणारं काम नाही. गावोगावच्या वाचनालयांनी एक हार्ड डिस्क आणि एक नोंदवही ठेवावी: तारीख, ठिकाण, कुणी घेतलं, कुणाची संमती, हॅश. आपल्या वृत्तपत्राने येत्या १ नोव्हेंबरच्या आधी तसं आवाहन छापावं आणि कोणती वाचनालयं तयार आहेत त्यांची यादीही द्यावी, ही विनंती.

आपले,
माहितीपट चित्रीकरणाच्या कामातील काही वाचक, बेळगाव