फिल्टरची जुनी रिंग तपासा

महोदय,

गाडीचे इंजिन ऑइल घरी बदलणे अवघड नाही, पण गळतीच्या बऱ्याच तक्रारींचे मूळ फिल्टरपाशी असते. जुना फिल्टर निघतो आणि त्याची रबरी रिंग कधीकधी इंजिनलाच चिकटून राहते. तिच्यावरच नवा फिल्टर चढला, की इंजिन सुरू होताच दाबाने ऑइल बाहेर फेकले जाते. म्हणून ती जागा फडक्याने पुसून बोट फिरवून पाहावी. नव्या रिंगला ताज्या ऑइलचा हात लावावा आणि ती टेकली की फिल्टर हातानेच साधारण पाऊण फेरा आवळावा. पान्याने पिळलेला फिल्टर पुढच्या वेळी निघता निघत नाही.

ऑइल काढण्याआधी इंजिन पाच मिनिटे चालवावे; कोमट ऑइल गाळासह लवकर उतरते. गाडीखाली जाताना नुसत्या जॅकवर विसंबू नये, गाडीला आधार देणारे स्टँड लावावेतच. ड्रेन प्लगला, म्हणजे ऑइल काढण्यासाठी तळाशी असलेल्या बोल्टला, नवा वॉशर घालावा. संप (इंजिनच्या तळाचे ऑइलचे भांडे) अ‍ॅल्युमिनियमचा असल्यास अतिजोराने आटे जातात आणि बचतीपेक्षा दुरुस्ती महाग पडते.

ऑइलची ग्रेड, म्हणजे त्याच्या दाटपणाचा क्रमांक, गाडीच्या पुस्तिकेतलीच हवी. तिथे फिल्टरही बदलल्यास लागणाऱ्या ऑइलचे प्रमाण वेगळे दिलेले असते. त्यापेक्षा अर्धा लिटर कमी ओतावे, इंजिन मिनिटभर चालवून बंद करावे, थोडे थांबून डिपस्टिक (ऑइलची पातळी दाखवणारी पट्टी) पाहत उरलेले भरावे. जादा ऑइल क्रँकशाफ्ट (इंजिनमधला फिरता मुख्य दांडा) घुसळतो, त्याचा फेस होतो आणि वंगण कमी पडते.

जुने ऑइल मात्र गटारात नको. झाकणाच्या डब्यात भरून ते पुनर्प्रक्रियेसाठी द्यावे.

— एक वाचक